उतारूंची यादी

इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड येतात, तह येतात, तलवारी येतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती कागदाची आहे. आगबोट बंदराला लागली की कप्तानाने बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या हाती उतारूंची यादी द्यावयाची असे. ती ही वस्तू. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली, आणि पुढची सारी उमर कामगार संघटनेच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि उरलेल्या वेळी सार्वजनिक वाचनालयात गेली. पण यादी म्हणजे काय चीज आहे, हे मला थोडेफार ठाऊक आहे. एका कारखान्याच्या गेटावरून ज्याला बाहेर काढले, त्याचे नाव पुढच्या चार कारखान्यांच्या गेटांवर त्याच्या आधी कसे जाऊन पोचते, हे मी ज्या औद्योगिक वसाहतीत काम करतो तेथे पंचवीस वर्षे पाहत आलो आहे. ती यादी कोणी केली, कोठे ठेवली, हे कधीच कळत नाही. कळते ते इतकेच, की "जागा भरली".

आज आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची सून परदेशी जाते. तिकीट काढले की नाव, पत्ता, पैसे कसे भरले, कोणत्या एजंटाकडून तिकीट घेतले, बरोबर कोण आहे, हा सारा तपशील विमान सुटण्यापूर्वीच सरकारी खात्याकडे जातो. आणि जरूर पडली तर एका देशाच्या खात्याकडून दुसऱ्या देशाच्या खात्याकडे. सरहद्दीची सुरक्षितता आणि गुन्ह्यांचा तपास ही त्याची कारणे सांगितली जातात. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडले, तेव्हापासून हे सुरू झाले अशी पुष्कळांची समजूत आहे. यंत्रे तेव्हापासूनची असतील. रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ती आपल्याच देशातील मजुरांवर चालवून पाहिली गेली. ती हकीकत मला सांगावयाची आहे.

पॅसिफिक महासागरापलीकडे कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. १९०४ ते १९०८ या काळात तेथे सुमारे पाच हजार हिंदी माणसे गेली. बहुतेक पंजाबातील शीख शेतकरी, आणि त्यांत कित्येक पलटणीतून निवृत्त झालेले. जमिनीचे तुकडे पडत चाललेले, डोक्यावर सावकाराचे कर्ज. एका भावाने घरी राहावयाचे आणि एकाने बाहेर पडावयाचे. ज्या हिशोबाने आपला कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत येई, त्याच हिशोबाने हा पंजाबी माणूस व्हँकुव्हरच्या लाकूड कापण्याच्या गिरणीत गेला. खोलीत दहा-दहा जण राहावयाचे, एकाने सर्वांचा स्वयंपाक करावयाचा, आणि मनिऑर्डर गावी पाठवावयाची. मुंबईच्या चाळीतले खानावळीचे गाळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र निराळे सांगावयास नको.

येथे एक गोष्ट सांगणे मला जड जाते, पण ती गाळणे बरे नव्हे. या माणसांविरुद्ध सर्वांत मोठा ओरडा केला तो तेथल्या गोऱ्या कामगारांच्या संघटनांनी. 'एशियाटिक एक्स्क्लूजन लीग' नावाची संस्थाच त्यासाठी निघाली होती. ४ सप्टेंबर १९०७ रोजी, सरहद्दीच्या अलीकडे अमेरिकेत, बेलिंगहॅम या गावी गोऱ्या कामगारांचा जमाव हिंदी गिरणीकामगारांच्या खोल्यांत शिरला. त्यांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. तीनच दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये लीगच्या सभेनंतर चिनी आणि जपानी वस्त्यांवर जमाव चालून गेला. मालक यांना कमी मजुरी देतो म्हणून आमची मजुरी घसरते, ही त्यांची तक्रार. तक्रार खोटी नव्हती. पण या माणसाला संघटनेत घ्या आणि सर्वांना एक मजुरी मागा, हा सरळ उपाय सोडून त्यांनी सरकारला सांगितले, फाटक लावा. 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या एका संघटनेने वर्ण न पाहता सभासद केले, तेवढा अपवाद. फाटक लागले. पुढे १९१९ मध्ये विनिपेगला सार्वत्रिक संप झाला, तेव्हा त्याच कॅनडा सरकारने इमिग्रेशनचा कायदा घाईघाईने बदलला. का, तर ब्रिटनमध्ये जन्मलेल्या गोऱ्या संपवाल्या पुढाऱ्यांनाही देशाबाहेर घालवता यावे म्हणून. फाटक मागणाऱ्यांना ते स्वतःवरही लागू शकते हे बारा वर्षांनी कळले.

आता फाटक लावावे कसे, ही कॅनडा सरकारची अडचण होती. हिंदी माणूस ब्रिटिश बादशहाचा प्रजाजन. त्याला उघडपणे "तू येऊ नकोस" म्हटले तर लंडनला अडचण आणि हिंदुस्थानात असंतोष. तेव्हा जानेवारी १९०८ मध्ये एक हुकूम निघाला, आणि त्याचे चातुर्य पाहण्यासारखे आहे. त्यात हिंदुस्थानचे नावसुद्धा नव्हते. आपल्या देशातून सरळ, मध्ये न उतरता, एकाच तिकिटावर जो येईल त्यालाच प्रवेश, एवढेच म्हटले होते. हिंदुस्थानातून कॅनडाला सरळ जाण्याचा रस्ता एका कंपनीकडे होता, आणि त्या कंपनीला तसे तिकीट विकू नये असे सुचवले गेले होते. पुढे आशियातून येणाऱ्याजवळ दोनशे डॉलर असलेच पाहिजेत अशी आणखी एक अट आली. ज्यांना कामगारविषयक नियमावल्या वाचण्याची सवय आहे त्यांना हा मसुदा ओळखीचा वाटेल. कोणाचेही नाव घ्यावयाचे नाही, आणि नेमका एकच माणूस बाहेर राहील असे वाक्य लिहावयाचे.

या फाटकावर जो मनुष्य बसवला त्याचे नाव विल्यम हॉप्किन्सन. हा पूर्वी कलकत्त्याच्या पोलिसांत इन्स्पेक्टर होता, हिंदुस्थानी भाषा जाणत होता. १९०९ पासून तो व्हँकुव्हरच्या इमिग्रेशन खात्यात इन्स्पेक्टर आणि दुभाष्या म्हणून काम करू लागला. माणूस एक, चाकऱ्या मात्र अनेक. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा पगार, डोमिनियन पोलिसांचे काम, आणि पुढे लंडनच्या इंडिया ऑफिसकडून मानधन. सरहद्दीपलीकडच्या अमेरिकन इमिग्रेशन अधिकाऱ्यांशीही त्याची देवघेव चालू असे. त्याची टिपणे ओटावाला गृहखात्याच्या उपमंत्र्याकडे जात. तेथून गव्हर्नर जनरल, तेथून लंडनचे वसाहत खाते, तेथून इंडिया ऑफिस, आणि तेथून सिमल्याला गुप्त पोलिसांच्या मध्यवर्ती कचेरीत. हे खाते १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या अमदानीत निघाले होते. १९०९ पासून मुंबई इलाख्याच्या पोलिसातील एक अधिकारी, जॉन वॉलिंजर, लंडनमध्ये बसून युरोपातल्या हिंदी लोकांची अशीच बातमी गोळा करू लागला. त्याच कचेरीला पुढे 'इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स' हे नाव पडले, आणि तिची दप्तरे सामान्य वाचकाला उघडी झाली ती १९९७ साली. समुद्राच्या तळातून १९०२ साली पॅसिफिकपार तार गेलेली होती. त्यामुळे बातमीला आगबोटीची वाट पाहावी लागत नसे.

या व्यवस्थेतले मर्म नीट पाहावे अशी माझी विनंती आहे. मजूर फाटकावर उभा राहतो. गाव कोणते, जिल्हा कोणता, बापाचे नाव काय, जवळ पैसे किती, येथे ओळखीचे कोण, असे प्रश्न त्याला विचारले जातात. तो उत्तरे देतो, कारण त्याला आत जावयाचे असते. समोर बसलेला मनुष्य इमिग्रेशनचा कारकून आहे असे तो समजतो. समोरचा मनुष्य पोलीसही असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. एका कामासाठी दिलेले उत्तर दुसऱ्या कामाला वापरले जाते. लुधियाना जिल्ह्यातल्या त्याच्या गावात शिपाई चौकशीला येतो तेव्हा घरच्यांना कळत नाही की, सात समुद्रांपलीकडे आपल्या माणसाने असे काय केले.

गंमत अशी की, याच फाटकावर काही काळ एक क्रांतिकारकही बसला होता. तारकनाथ दास हे बंगाली तरुण व्हँकुव्हरमधील अमेरिकन इमिग्रेशन कचेरीत दुभाषे होते. १९०८ मध्ये त्यांनी 'फ्री हिंदुस्थान' हे पत्र काढले आणि त्यांची नोकरी गेली.

१ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत 'गदर' पत्राचा पहिला अंक निघाला. चळवळीचे अध्यक्ष सोहनसिंग भकना हे स्वतः लाकडाच्या गिरणीतले कामगार. लेखणी लाला हरदयाळांची. ही मंडळी सशस्त्र बंडाची तयारी करीत होती, आणि ते छापून सांगत होती. तेव्हा हिंदुस्थान सरकारला वाटणारी धास्ती काल्पनिक होती असे मी म्हणणार नाही. मार्च १९१४ मध्ये अमेरिकन इमिग्रेशन खात्याने हरदयाळांना पकडले. आरोप बंडाचा नव्हता. अराजकवादी असून देशात राहण्यास नालायक, असा इमिग्रेशनच्या कायद्यातला आरोप होता, आणि त्यामागे हॉप्किन्सनने पुरविलेली माहिती होती. हरदयाळ जामिनावर सुटले आणि स्वित्झर्लंडला निघून गेले.

त्याच वर्षी 'कोमागाता मारू' निघाली. सिंगापूरकडे कंत्राटदारी करणाऱ्या गुरदित सिंग यांनी ही जपानी आगबोट भाड्याने घेतली. ४ एप्रिल १९१४ रोजी ती हाँगकाँगहून सुटली, शांघाय, मोजी, योकोहामा या बंदरांवर आणखी माणसे घेतली, आणि २३ मे रोजी व्हँकुव्हरपुढे नांगर टाकला. उतारू ३७६: ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. बोट येत आहे ही बातमी तारेने आधीच पोचली होती. पूर्वीपासून तेथे राहणारे वीसएक लोक सोडले तर कोणालाही उतरू दिले नाही. दोन महिने ही माणसे किनारा डोळ्यांपुढे ठेवून बोटीवर राहिली. अन्न संपत आले, पाणी संपत आले. किनाऱ्यावरच्या गुरुद्वारातील मजुरांनी वर्गणी करून बोटीचे भाडे भरले. संपाच्या काळात गिरणगावात घरोघर ज्वारी-तांदूळ गोळा होत, त्या जातीचीच ही वर्गणी. कोर्टात हार झाली. शेवटी 'रेनबो' ही लढाऊ बोट उभी करून २३ जुलै रोजी 'कोमागाता मारू'ला परत लावले.

ती समुद्रात असतानाच महायुद्ध पेटले. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थान सरकारने एक वटहुकूम काढला: हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्या कोणाही माणसाला, तो परका असो वा देशीच असो, सरकारला धोक्याचा वाटल्यास अडवून ठेवण्याचा अधिकार. कॅनडाने "माझ्या देशात येऊ नकोस" म्हटले होते. आता माणसाला स्वतःच्या देशात येण्यासाठीही पोलिसांच्या यादीत आपले नाव कोणत्या रकान्यात आहे, यावर अवलंबून राहावे लागले. २९ सप्टेंबर रोजी कलकत्त्याजवळ बजबज येथे बोट आली. उतारूंना पंजाबात नेण्यासाठी खास आगगाडी उभी होती. बहुतेकांनी तीत बसण्याचे नाकारले आणि ग्रंथसाहेब पुढे घेऊन पायी कलकत्त्याची वाट धरली. त्यांना वाटेतून परत आणले. संध्याकाळी बजबजच्या स्टेशनाजवळ झटापट झाली, गोळीबार झाला, वीसच्या आसपास उतारू मेले. गुरदित सिंग निसटले आणि कित्येक वर्षे भूमिगत राहिले. त्या दिवशी सरकारतर्फे जे अधिकारी तेथे हजर होते त्यांत गुप्त पोलीस खात्याचे डेव्हिड पेट्री होते; ते गोळी लागून जखमी झाले. हे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

त्यानंतर पूर्वेकडून येणारी प्रत्येक बोट तपासली जाऊ लागली. ऑक्टोबरमध्ये सोहनसिंग भकना कलकत्त्याला बोटीवरच पकडले गेले. त्या महिन्याच्या अखेरीस 'तोसा मारू' १७३ उतारू घेऊन आली, त्यांतले बहुसंख्य सरळ तुरुंगात गेले. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर यांनी पुढे जो हिशोब दिला, त्याप्रमाणे युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत सुमारे आठ हजार माणसे बाहेरून पंजाबात परतली. त्यांतील सुमारे चारशे तुरुंगात ठेवली गेली, आणि अडीच हजारांना गावाबाहेर जाण्याची बंदी झाली. या माणसांवर बहुधा खटला झाला नाही, आरोप सांगितला गेला नाही. अमुक बोटीने आला, अमुक बंदरावर अमुक माणसाबरोबर दिसला, एवढे पुरे. अडीच हजार घरे! कोणी पाच वर्षांची बचत घेऊन आलेला, कोणी आईला पाहावयाला आलेला. त्यांत बंडवाले होतेच. पण रकाना भरणाऱ्याला त्यांतला फरक काढण्याचा वेळ नव्हता, आणि फरक चुकला तरी जाब विचारणारे कोणी नव्हते.

आता एक प्रश्न. एवढे केल्यावर जे खरोखर बंडाच्या कामाला आले होते ते सापडले का? पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हा तरुण अमेरिकेत सिअॅटलला इंजिनिअरिंग शिकत होता. तो नोव्हेंबर १९१४ मध्ये 'सालामिस' बोटीने कलकत्त्याला आला आणि बंदरातून सुखरूप बाहेर पडला. करतारसिंग सराभा हा अवघा अठरा वर्षांचा पोर, गदरच्या छापखान्यातला. तो कोलंबोमार्गे आला, तोही निसटला. माझा कयास असा की, कलकत्त्याच्या धक्क्यावर जे डोळे लावून बसले होते ते पगडीवाल्या पंजाबी मजुराला शोधीत होते. कॉलेजात शिकलेला मराठी मुलगा त्यांच्या साच्यात बसत नव्हता. पिंगळे बनारसला जाऊन रासबिहारी बोसांना भेटले, त्यांना पंजाबात यावयास लावले. २१ फेब्रुवारी १९१५ ही उठावाची तारीख ठरली. ती फुटली कशाने? बोटींच्या याद्यांनी नव्हे. किरपालसिंग नावाचा एक मनुष्य पोलिसांनी त्यांच्यात घुसवला होता, त्याने ती फोडली. पिंगळे मार्च महिन्यात मीरतला घोडदळाच्या पलटणीत बाँबसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी झाली. त्यांत करतारसिंग होते आणि पिंगळे होते. तळेगावच्या लोकांनी त्यांची आठवण ठेवली आहे. पुण्यामुंबईच्या लोकांनी ती किती ठेवली, हे आपण आपल्याशी पाहावे.

हॉप्किन्सनचा शेवट त्याआधीच झाला होता. त्याचा एक खबऱ्या, बेलासिंग, याने ५ सप्टेंबर १९१४ रोजी व्हँकुव्हरच्या गुरुद्वारात गोळ्या झाडून दोघांना मारले. त्याच्या बाजूने साक्ष द्यावयास हॉप्किन्सन २१ ऑक्टोबरला कोर्टात आला असता मेवासिंग या गिरणीकामगाराने त्याला गोळी घातली. मेवासिंगने गुन्हा नाकारला नाही. ११ जानेवारी १९१५ रोजी तो फासावर गेला. खुनाचे समर्थन करावयास मी येथे उभा नाही. पण मजुरांच्या एका लहान वस्तीत कोण कोणाची चुगली सरकारला देतो, हा संशय पसरला की माणसे माणसांना मारतात. हॉप्किन्सनने जे पेरले त्यात हेही होते.

युद्ध संपले. वटहुकूम युद्धापुरता होता. पण एकदा हाताला आलेली सोय सरकार सोडत नाही. १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला आणि हिंदुस्थानात शिरावयास पासपोर्ट कायमचा आवश्यक ठरला. महायुद्धापूर्वी जगातल्या पुष्कळ देशांत साधा मनुष्य पासपोर्टावाचून हिंडत असे, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही.

या पासपोर्टाने कोणाला अडवले त्याचे एकच उदाहरण देतो. शापूरजी सकलातवाला हे १८७४ साली मुंबईत जन्मलेले, जमशेटजी टाटांचे भाचे, आणि तरीही लंडनच्या बॅटरसी भागातील कामगारांनी निवडून दिलेले कम्युनिस्ट खासदार. १९२५ मध्ये अमेरिकेने त्यांना प्रवेश नाकारला. १९२७ च्या आरंभी ते हिंदुस्थानात आले, शहरोशहरी कामगारांच्या सभा केल्या. आणि परत गेल्यावर त्याच वर्षी त्यांच्या पासपोर्टावरील हिंदुस्थानची परवानगी रद्द झाली. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले, तरी बंदी उठली नाही. पार्लमेंटात बसून हिंदुस्थानचे कायदे करता येत होते, पण जन्मगावी पाय ठेवता येत नव्हता. १९३६ साली ते लंडनलाच वारले.

आणि आता पेट्री. बजबजला जखमी झालेले हे गृहस्थ १९२४ पासून १९३१ पर्यंत हिंदुस्थानच्या इंटेलिजन्स ब्यूरोचे मुख्य होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनच्या एम.आय.५ या खात्याचे मुख्य झाले. त्यांच्याच कारकिर्दीत बोटीच्या उतारूंवरची नजर संपवाल्यांकडे वळली. फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे इंग्लंडहून आलेले दोघे मुंबईच्या गिरणीकामगारांत काम करू लागले. १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संप आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सरकारने 'पब्लिक सेफ्टी बिल' आणले: बाहेरून आलेल्या चळवळ्यांना देशाबाहेर घालवण्याचा अधिकार. सप्टेंबर १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात समसमान मते पडली, आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी आपले मत विरुद्ध टाकून ते पाडले. सरकारने ते पुन्हा आणले. ८ एप्रिल १९२९ रोजी त्याच सभागृहात आधी संपांना आळा घालणारे 'ट्रेड डिस्प्यूट्स बिल' मंजूर झाले, आणि सेफ्टी बिलावर विठ्ठलभाई निर्णय द्यावयास उठत असतानाच भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. बाँबाची गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ आहे. परक्या उतारूला हाकलण्याचा कायदा आणि देशी कामगाराचा संप मोडण्याचा कायदा त्या दिवशी एकाच मेजावर होते, हे मात्र कोणी सांगत नाही. पाच दिवसांत सरकारने सेफ्टी बिल वटहुकूम म्हणून लागू केले. स्प्रॅट, ब्रॅडली, डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, नुकतेच जर्मनीहून परतलेले डॉ. अधिकारी, आणि अर्जुन आत्माराम आळवे हे गिरणीकामगार, हे सारे तोवर मीरतच्या खटल्यात अडकलेही होते. त्या खटल्यात पुराव्यादाखल जी पत्रे आली, त्यांत परदेशच्या टपालातून वाटेत उघडून नकलून घेतलेली पुष्कळ होती.

स्वातंत्र्य आले. यादीचे काय झाले? वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे हे पिंगळ्यांच्याच पिढीतले. अमेरिकेत शेतकीचे शिक्षण घेतले, गदरच्या कामात पडले, महायुद्धात इराणात लढले आणि शेवटी मेक्सिकोला जाऊन तेथल्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी केलेले काम त्या देशात नावाजले गेले. १९४७ नंतर त्यांनी मायदेशी येण्याची परवानगी मागितली. स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारने ती प्रथम नाकारली; कारण इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते! पुढे ती चूक दुरुस्त झाली, ते नागपूरला आले आणि १९६७ मध्ये वारले. ज्यांनी यादी केली ते गेले, ज्या राज्यासाठी केली ते राज्य गेले. नाव काढून टाकण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते. कारकुनाच्या मनात काही वाईट होते असे मी मानत नाही. नाव चढवण्याचा हुकूम असतो. उतरवण्याचा हुकूम कोणी काढलेला नसतो.

परदेशी जाणे हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निकाल आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६७ साली दिला आणि त्यातून नवा पासपोर्ट कायदा आला. प्रवेशाबद्दलचा १९२० चा कायदा मात्र २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने रद्द होईपर्यंत, म्हणजे एकशेपाच वर्षे, पुस्तकात राहिला.

अशा माहितीची देवघेव करूच नये, असे मला म्हणावयाचे नाही. खून करून पळालेला मनुष्य, पोरीबाळींना नोकरीच्या आमिषाने आखातात नेऊन विकणारा एजंट, हे दोन देशांच्या खात्यांनी एकमेकांना सांगितल्यावाचून सापडणार नाहीत. माझ्याकडेच अशा फसलेल्या मुलांचे आईबाप आलेले आहेत, आणि तेव्हा मी स्वतः सरकारी कचेऱ्यांच्या दारात "तिकडे कळवा, लवकर कळवा" म्हणत उभा राहिलो आहे. भांडण कळवण्याशी नाही. कळवलेले खोटे निघाले तर ते मागे कोण घेणार, याच्याशी आहे.

त्याच कॅनडातली एक अलीकडची गोष्ट आहे. माहेर अरार हे सीरियात जन्मलेले, कॅनडाचे नागरिक, व्यवसायाने इंजिनिअर. २६ सप्टेंबर २००२ रोजी परदेशातून घरी येताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांना अडवले. कॅनडाच्या पोलिसांनी त्यांच्याविषयी जी माहिती अमेरिकेला पुरवली होती तीत ते अतिरेकी असल्याचे चुकीचे वर्णन होते. अमेरिकेने त्यांना कॅनडाला न पाठवता सीरियाला पाठवले. तेथे जवळजवळ वर्षभर ते तुरुंगात होते, त्यांचा छळ झाला. २००६ मध्ये न्यायमूर्ती ओ'कॉनर यांच्या चौकशी आयोगाने ते निर्दोष असल्याचे स्पष्ट लिहिले. जानेवारी २००७ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्यांची माफी मागितली आणि एक कोटी पाच लाख कॅनेडियन डॉलर भरपाई दिली. 'कोमागाता मारू'बद्दलची माफी त्याच पार्लमेंटात मागितली गेली ती १८ मे २०१६ रोजी. तोवर १०२ वर्षे झाली होती. अरार यांना चार वर्षांत न्याय मिळाला, ही प्रगतीच म्हणावयाची. पण त्याच जानेवारीत अमेरिकन सरकारने कॅनडाला लेखी कळवले, की आमच्या यादीत त्यांचे नाव राहील.

आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये सीमाशुल्क खात्याने विमानप्रवाशांच्या माहितीचे नियम जाहीर केले. विमान कंपन्यांनी उड्डाणाच्या चोवीस तास आधी प्रवाशाची नोंद खात्याला द्यावयाची. खाते ती पाच वर्षे ठेवू शकते, देशातल्या इतर तपास खात्यांना देऊ शकते, आणि परदेशांच्या सरकारांनाही देऊ शकते. युरोपात असाच कायदा २०१६ साली झाला. दोन्हींत एक कलम आहे ते मी दोनदा वाचले. या माहितीवरून माणसाचा वंश, धर्म, राजकीय मत, प्रकृती आणि कामगार संघटनेचे सभासदत्व काढण्यास मनाई आहे. राजकीय मताच्या शेजारी कामगार संघटनेचे नाव कायदा लिहिणाऱ्याला आपोआप सुचलेले नाही. ते तेथे येण्यामागे सकलातवाला आहेत, आळवे आहेत, विनिपेगचे संपवाले आहेत.

आमच्या संघटनेतील चार मुले गेल्या वर्षी आखातात कामाला गेली. त्यांना मी हे कलम वाचून दाखवले. त्यांतील एकाने विचारले, "काका, पाच वर्षांनी नाव पुसले की नाही, हे आपल्याला कळवतात का?" नियमांत तसे कळवण्याची तरतूद मला सापडली नाही, हे मी त्याला सांगितले. आणि जी नोंद मधल्या काळात दुसऱ्या देशाकडे गेली असेल, तिच्यावर हुकूम त्या देशाचा चालणार.